दोन फुटी रुळांवरून माथेरान

करमाडच्या स्टेशनावर आमचे मरहूम अब्बा गँगमन होते. निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाडपासून हैदराबादकडे जी मीटरगेज लाइन टाकली गेली, तिच्यावर आमचे करमाड. खांद्यावर हातोडा, हातात हिरवा-लाल झेंडा आणि पावसाळ्यात डोक्यावर घोंगडीची खोळ, हे अब्बांचे चित्र आमच्या डोळ्यांसमोर कायम आहे. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अब्बा निवृत्त झाले. रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे ते सांगणारा हा माणूस आम्हा भावंडांना कुठे सहलीला घेऊन गेल्याचे मात्र आठवत नाही. पास होता, सुट्टी नव्हती.

एकदा कल्याणला कसल्याशा कामासाठी गेले असताना ते नेरळला उतरले आणि तिथली छोटी गाडी पाहून आले. घरी येऊन अम्मींना म्हणाले, "खेळण्याची गाडी आहे म्हणतात लोक, पण खेळणं नाही ते. काम पक्कं आहे. एकदा दाखवतो तुला." ते राहून गेले. अब्बांचा इंतकाल होऊन आठ वर्षे झाली. अम्मी सत्तरीच्या पुढे गेल्या, दोन्ही गुडघे गेले, आणि डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केली.

२०२४ च्या डिसेंबरात नाताळाच्या सुट्टीला जोडून आम्ही दोघांनी शाळेतून किरकोळ रजा घेतल्या. पोरांना महाबळेश्वर हवे होते, तिथे जीपमधून फिरता येते म्हणून. अम्मींना कुठेच जायचे नव्हते. "मेरे घुटने लेके किधर फिरते तुम लोगां? नक्को." मग आम्ही माथेरानचे नाव काढले. अम्मी गप्प झाल्या. थोड्या वेळाने आतून विचारले, "नेरळवाली गाडी?"

इथे थोडा रेल्वेचा हिशोब सांगतो, कारण आमच्या घरात तो रोजच्या बोलण्यातला आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १.६७६ मीटर. अब्बांची मीटरगेज नावाप्रमाणे एक मीटर. अम्मींचे माहेर लातूर. त्या लहानपणी ज्या बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीला जायच्या तिचे रूळ अडीच फुटांवर. आणि माथेरानची गाडी त्याहूनही अरुंद, फक्त दोन फूट. म्हणजे तीन गेज आमच्या घराने पाहिली होती, चौथे तेवढे राहिले होते.

औरंगाबादहून रात्रीची देवगिरी पकडली. अम्मींना अब्बांच्या मागे मिळणारा रेल्वेचा पास आहे, तो त्यांनी तिकीट तपासनिसाला ज्या रुबाबात दाखवला तो पाहण्यासारखा होता. पहाटे कल्याणला उतरलो, फलाटाच्या कडेला चादर अंथरून फजर अदा केली, आणि कर्जत लोकल धरली. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. थंडीत डोंगर निळसर दिसत होता. वर माथेरान आहे हे सांगूनही धाकट्याला पटेना. वर जायला वाटच दिसत नव्हती.

नेरळला आमच्या थोरल्या आपांचे चुलतसासरे राहतात. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. नेरळच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी आधीच बजावून ठेवले होते, "मी बरोबर येतो. माहिती नसलेल्या माणसानं ती गाडी बघू नये, नुसता धक्के खात बसतो." असा वाटाड्या मिळाला हे आमचे नशीब. लाल मफलर, हातात पितळी डब्यातले पान, आणि बोलणे कोकणी वळणाचे. अम्मींना पाहताच म्हणाले, "या समधन, तुमच्यासाठी खिडकीची जागा धरायची म्हणून साडेसहापासून उभा आहे."

तिकिटाचे हे प्रकरण वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. या गाडीचे तिकीट घरबसल्या काढता येत नाही. नेरळच्या खिडकीवर, गाडी सुटायच्या सुमारे पाऊण तास आधी ते मिळते, आणि जागा थोड्या असतात. शनिवार-रविवारी गेलात तर रांगेतूनच परत फिरण्याची वेळ येते. आम्ही मंगळवार धरला तो म्हणूनच. पावसाळ्यात जून ते ऑक्टोबर नेरळहून वर गाडी चालत नाही. वेळापत्रकही दरवर्षी थोडे इकडेतिकडे होते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. रांगेत उभे असताना एक जण येऊन हळूच सांगून गेला, "आज गाडी कॅन्सल आहे, टॅक्सी देऊ का?" आम्ही घाबरून चाचांकडे पाहिले. चाचा म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हापासून ही गाडी रोज कॅन्सल होते आणि रोज जाते."

गाडीला वेळ होता, तेव्हा चाचांनी आम्हाला स्टेशनाबाहेर ठेवलेले जुने वाफेचे इंजिन दाखवले. काळे, बुटके, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्यात बनलेली अशी चार इंजिने या मार्गासाठी आणली होती आणि १९८२ पर्यंत ती चालली. आता त्यातले एक इथे उभे आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, आणि एक तर थेट इंग्लंडला गेले. चाचा खाली वाकून चाकांकडे बोट दाखवू लागले. धाकटा सातवीत आहे, विज्ञानाचा भोक्ता. तो मातीतच बसला.

"सहा चाकं आहेत, बघ. तीन आस. साध्या इंजिनात आस सरळ आणि घट्ट. अशा वळणावर ते इंजिन अडकलंच पाहिजे, किंवा रूळ तोडलाच पाहिजे. याच्यात पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीत बसवलेला आहे. नळी थोडी बाजूला सरकते, तिरकी होते, आणि चाक वळणाबरोबर जातं. आतला आस मात्र ताकद देतच राहतो." धाकट्याने वहीत आकृती काढून घेतली. नंतर शाळेत त्याने ती फळ्यावर काढून दाखवली असे त्याच्या बाईंनी सांगितले.

गाडी आली. डिझेलचे लहानसे इंजिन, त्यामागे डबे, आणि डब्याचे छत इतके खाली की आम्हाला वाकूनच शिरावे लागले. अम्मींना वाकावे लागले नाही. फलाटावरून पाऊल उचलून ठेवले की आत. एवढी सोपी पायरी त्यांना ब्रॉडगेजच्या गाडीत आयुष्यात मिळाली नसेल. बाकावर बसून त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हमारी बार्शी की गाडी भी ऐसीच थी रे."

चाचा हसले. "समधन, असणारच. दोन्हींच्या मागे एकच डोकं."

आम्हालाही हे माहीत नव्हते. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरर्ड कॅल्थ्रॉप. अरुंद रुळांवर हलक्या गाडीनेही भरपूर माल आणि माणसे नेता येतात, हे दाखवून देण्याचा त्याला ध्यासच होता. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली, १९२७ मध्ये मिरजेला. अम्मींच्या माहेरची ती गाडी आता राहिली नाही. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्गाची ब्रॉडगेज झाली. तोच कॅल्थ्रॉप माथेरानच्या मार्गाचा सल्लागार होता. त्याच्या कागदांवरून रूळ डोंगरावर नेले ते मात्र मुंबईच्या एका बोहरा कुटुंबाने. पण ती गोष्ट चाचांनी गाडी सुटल्यावर सांगितली. म्हणाले, "हे उभं राहून सांगायचं नाही."

शिट्टी झाली आणि गाडी इतकी हळू निघाली की फलाटावरचा एक पोरगा बराच वेळ आमच्या बरोबरीने चालत होता. नेरळ ते माथेरान वीस-एकवीस किलोमीटर, आणि वेळ दोन तास चाळीस मिनिटे. दहावीतल्या थोरलीने मनात भागाकार केला. "तासाला आठ किलोमीटर! अब्बू, सायकल यापेक्षा जोरात जाते." चाचांना तो अपमान वाटला. "सायकल घेऊन चढून दाखव बेटा. वीस मीटर पुढे गेलीस की एक मीटर वर. काल रात्री तुम्ही झोपेत कसारा घाट उतरलात ना? तिथे सदतीस मीटरला एक मीटर चढ आहे, आणि तेवढ्यासाठी मोठ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात." यावर थोरली गप्प झाली, आणि मग खिडकीबाहेर नीट पाहू लागली.

बाहेर पाहण्यासारखेच होते. आधी शेते, भाताची कापलेली खळी, मग रूळ डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालासारखे वळू लागले. एका वळणावर तर आपल्याच गाडीचे इंजिन आपल्याच खिडकीतून समोर दिसते. वळणे मोजायचे धाकट्याने ठरवले होते, शंभरच्या आसपास त्याने नाद सोडला. जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा त्याने "आज तर मंगळवार आहे" असा शेरा मारला. तिथे वरून येणारी गाडी जाऊ द्यायची सोय आहे. लोक खाली उतरतात, चहा पितात, गार्ड शिट्टी मारतो, पुन्हा चढतात. कुणाला घाई नाही. पुढे एकुलता एक बोगदा लागतो. इंग्रजांच्या काळापासून त्याला जे नाव पडले आहे ते या मासिकात छापण्यासारखे नाही. एवढेच सांगतो की तो फार लवकर संपतो. मग वॉटर पाइप. नावच सांगते, इथे वाफेची इंजिने पाणी पीत असत.

जुम्मापट्टी सोडल्यावर चाचांनी पान तोंडात टाकले आणि गोष्ट सुरू केली.

माथेरानचा डोंगर १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने पाहिला आणि तो इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाला. डोंगरात ठाकर-धनगरांची वस्ती त्याआधीपासून होतीच, पण कागदावर 'शोध' लागला तो तेव्हा. मुंबईहून नेरळपर्यंत मोठी गाडी आली. तिथून पुढे वर जायचे तर सात मैलांची चढण. साहेब घोड्यावर, मडमा पालखीत, आणि पालखीखाली चार भोई. जो घोड्यावर बसू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या खांद्यावर बसावे लागे.

सर आदमजी पीरभॉय हे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकल्या असे त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याच्या ठेक्यांवर फार मोठे झाले, १८९७ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. चर्नी रोडला त्यांच्या नावाचे सॅनिटोरियम आहे. मुंबईच्या लोकलमधून जाणाऱ्यांनी पाटी वाचली असेल, पण माणूस कोण हे किती जणांना ठाऊक आहे? नेरळमध्ये सांगतात ती हकिकत अशी, की एकदा माथेरानला जायला आलेल्या पीरभॉयांना नेरळला घोडा मिळाला नाही की पालखी. तिथूनच परत फिरताना ते म्हणाले, आता येईन तो माझ्या गाडीने. हकिकत सांगोवांगीची आहे, गाडी मात्र समोर आहे. चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले, वडिलांनी पैसा पुरवला. १९०४ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ ला गाडी वर गेली. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे.

"दार्जिलिंगची, उटीची, शिमल्याची, सगळ्या डोंगरी गाड्यांची नावं घेतात," चाचा म्हणाले, "त्यांच्या मागे इंग्रज कंपन्या, नाहीतर सरकार. ही एका हिंदी व्यापाऱ्याच्या घरातली." त्या तिन्ही गाड्या युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. माथेरानची गाडी अजून उमेदवारांच्या यादीत वाट पाहते आहे.

खरे सांगायचे तर इथे आम्हाला थोडी शरम वाटली. आम्ही दोघेही शिक्षक. सहावी-सातवीला वाहतुकीचा इतिहास शिकवतो, स्टीफन्सनचे नाव पोरांकडून पाठ करून घेतो. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हे नाव आमच्या वर्गात आम्ही एकदाही उच्चारले नव्हते. आपल्या समाजाने काय बांधले, असे पोरे विचारतात तेव्हा आम्ही ताजमहाल आणि बीबी का मकबरा सांगून मोकळे होतो. आजही रोज माणसे वाहून नेणारी गोष्ट कुणी आम्हाला सांगितली नाही, आणि आम्हीही शोधली नाही.

गाडीचे पुढचे आयुष्य सोपे गेलेले नाही. २००५ च्या जुलैमधल्या त्या पावसाने मार्ग धुऊन नेला. शंभर वर्षे पूर्ण होता होता, २००७ च्या मार्चमध्ये ती पुन्हा धावली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर बंद पडली. २०१९ च्या पावसात पुन्हा दरडी कोसळल्या आणि नेरळहून गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पूर्वी डब्या-डब्यावर ब्रेकवाले असत. इंजिनाने शिट्टीची खूण दिली की हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. चाचा ते हातवारे करून दाखवत होते. दरडी आवरणाऱ्या दगडांच्या जाळ्या, कड्याच्या बाजूचे लोखंडी कठडे, हे सगळे नंतरचे. अम्मींनी मध्येच विचारले, "यहाँ के गँगमन लोगां किधर रहते?" चाचांनी दरीकडे हात केला. "पावसाळ्यात गाडी बंद असते समधन, पण ते लाइनवर असतातच." अम्मींनी मान हलवली. त्यांना तेवढे पुरे होते. नंतर एका वळणावर रुळाशेजारी हातोडे घेऊन उभी असलेली तीन माणसे दिसली, गाडी जाईपर्यंत डोंगराला पाठ टेकून उभी. अम्मींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सलाम केला. एकाने उलट सलाम केला, दोघे नुसते पाहत राहिले.

वर येता येता झाडी दाट झाली, माती लाल झाली आणि हवा बदलली. अमन लॉज आले. मोटारीने येणाऱ्यांना इथेच, दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते. पुढे माथेरानात मोटार नाही, स्कूटर नाही. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर कुठलेही पेट्रोलचे वाहन नाही. ज्यांना नेरळची गाडी मिळत नाही त्यांच्यासाठी अमन लॉज ते माथेरान अशी लहान फेरी चालते, आणि ती पावसाळ्यातही बहुधा चालू असते. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माथेरान स्टेशनावर उतरलो आणि खरा पेच तिथे पडला.

आमची खोली बाजाराच्या पलीकडे, पायी वीस-पंचवीस मिनिटे. अम्मींसाठी वीस मिनिटे म्हणजे तासभर. घोड्यावर त्या बसणार नव्हत्या. ई-रिक्षा मोजक्याच, त्या दिवशी त्यांची रांग संपेना. उरली हातरिक्षा. दोन चाके, पुढे एक माणूस ओढणारा, मागे एक ढकलणारा. आम्ही भाव ठरवला. अम्मी रिक्षाजवळ गेल्या, पुढच्या माणसाकडे पाहिले. पन्नाशीचा असेल, पायात झिजलेले बूट. आणि त्या मागे सरकल्या.

"आदमी खींचता और मैं ऊपर बैठती? नै. अल्लाह मेरे को ऐसा नक्को दिखाए."

आम्ही समजावले. चाचांनी समजावले. शेवटी तो रिक्षावालाच बोलला, आणि त्याचे बोलणे आम्ही विसरणार नाही. तो मराठीत म्हणाला, "आजी, तुम्ही पुण्यवान. पण तुमच्यासारखे सगळे पुण्यवान निघाले तर आमच्या घरी काय शिजेल? सकाळपासून बोहनी नाही."

अम्मींजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. दोन शिक्षक, मानवी हक्कांवर नागरिकशास्त्राचा धडा शिकवणारे, रस्त्यात मुकाट उभे. माणसाने माणसाला ओढणे वाईट, हे खरे. आणि त्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटणे आमच्या बसण्यावर होते, हेही तितकेच खरे. थोरली म्हणाली, "अम्मी, सामान ठेवू या ना." तोडगा पोरीने काढला. चार बॅगा आणि डब्याची पिशवी रिक्षात बसली. अम्मी रिक्षेच्या बाजूच्या दांड्याला धरून चालू लागल्या, त्या माणसाने पाऊल त्यांच्याइतके हळू केले. दोन ठिकाणी त्या थकून पायरीवर बसल्या, रिक्षाही थांबली. खोलीशी पोहोचायला पाऊण तास लागला. सवारीचे ठरलेले सगळे पैसे अम्मींनी स्वतःच्या बटव्यातून काढून दिले, मागच्या ढकलणाऱ्याला वेगळे. मजुरीच्या बाबतीत अम्मी उधार ठेवत नाहीत.

रात्री त्यांचे पाय सुजले. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसल्या होत्या तेव्हा आम्ही जरा चिडूनच म्हणालो, की बसला असतात तर काय झाले असते? म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा भी दिनभर पटरी पे खींचतेच थे." पुढे काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीचे फार सांगत नाही. माकडांनी आमचे शामी कबाब डब्यासह नेले. झाडावर बसून त्यांनी चव घेतली आणि कबाब खाली टाकून चपात्या ठेवून घेतल्या. शाकाहारी माकडे आहेत, असे चाचा म्हणाले. शार्लोट तलावाकाठी जुहर कसर करून अदा केली. बाजारात चिक्की घेतली, आणि अम्मींसाठी मऊ चामडी चपला. माथेरानच्या चपलांचे नाव आहे. पीरभॉयही बुटांवरच मोठे झाले होते, अशी आठवण थोरलीने काढली तेव्हा दुकानदाराने विचारले, "ते कोण?" धाकट्याने त्याला दुकानात उभे राहूनच दोन फुटी रुळांपासून सुरुवात करून सगळे ऐकवले. गिऱ्हाईक खोळंबले होते, तरी त्या भल्या माणसाने ऐकून घेतले आणि चपलेत वीस रुपये कमी केले.

उतरताना पुन्हा तीच गाडी. अम्मी या वेळी दरीच्या बाजूला बसल्या. गाडी उतरताना चाकांचा आवाज वेगळा येतो, ब्रेकचा किरकिराट आणि रुळाच्या जोडांचा ठोका. अम्मी डोळे मिटून बसल्या होत्या. आम्हाला वाटले, झोप लागली. वॉटर पाइपच्या खाली एके ठिकाणी डोळे न उघडता म्हणाल्या, "यहाँ जोड ढीला है." चाचांनी कान दिला, मग आमच्याकडे पाहून भुवया उडवल्या. नेरळला उतरल्यावर त्यांनी खरोखरच कुणाला तरी जाऊन सांगितले.

हे सगळे लिहून ठेवायचे राहूनच गेले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, माणसाने माणसाला ओढणे माणुसकीला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले होते. रिक्षा ओढणाऱ्यांचे पोट बुडू नये म्हणून गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर त्यांनाच ई-रिक्षा द्याव्यात आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही निकालात होते. आम्ही बातमी अम्मींना वाचून दाखवली. पहिला भाग ऐकून त्या खूश झाल्या नाहीत. दुसरा भाग दोनदा वाचायला लावला. मग विचारले, "उस झिजे हुए बूटवाले को मिली क्या?"

चाचांना फोन लावला. आजच्या निकालाची रिक्षा उद्या कुणाच्या दारात कशी येईल, असे म्हणत त्यांनी चौकशीचा वायदा केला. अम्मी दर जुम्म्याला आठवण करून देतात आणि चाचा दर जुम्म्याला वायदा नवा करतात.

नेरळचे तिकीट अम्मींनी अब्बांच्या पेन्शनच्या पुस्तकात ठेवले आहे. परवा नातीजवळ बसून त्यांनी विचारले, की उटीच्या गाडीला दातांचे रूळ आहेत म्हणे, ते कसे असतात? थोरलीने चित्र काढून दाखवले. चित्र बराच वेळ न्याहाळून त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "तुम्हारी रजा कित्ती बाकी है?"